सत्तेचाळीसची राहिलेली फेरी

ऑगस्टातला पहिला रविवार म्हणजे कोल्विलच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या शर्यतवाल्यांचा मेळा. गुरांच्या लांबलचक गोठ्यात त्या दिवशी गुरं नसतात, टेबलं असतात. टेबलांवर मेलेल्या माणसांची हेल्मेटं, धुळीनं आंधळे झालेले चष्मे, तडकलेली चामडी जाकिटं आणि पिवळ्या पडलेल्या कार्यक्रमपत्रिका. इंडियानातल्या या मुलखात लोक आजोबांचं थडगं विसरतील, पण आजोबांच्या गाडीचा नंबर विसरणार नाहीत.

अल्व्हिना क्राउसचं टेबल अगदी दाराशी. वय एकाहत्तर, पाठ सरळ, जीभ त्याहून सरळ. समोर नवऱ्याचं, म्हणजे मेर्लचं हेल्मेट, त्याचे सात चषक, आणि बुटांच्या खोक्यात तिनं स्वतः लिहिलेले फेऱ्यांचे कागद.

"काकू, हे हेल्मेट विकायचंय का?" एका गोऱ्यागोमट्या शहरी माणसानं विचारलं.

"घालून बघ. डोकं मावेल तुझं. आत काही हिंदकळलं तर माझ्यावर बोल लावू नकोस."

तो हसत पुढे सटकला. सगळे हसले. अल्व्हिनाच्या तोंडाला लागायचं नाही, हे गावाला पाठ होतं.

तीस वर्षं ती या ट्रॅकवर फेऱ्या टिपत होती. तेव्हा यंत्रं नव्हती, हे काम बायकांचं. ट्रॅकलगतच्या लाकडी माडीवर खिडकीशी बसायचं, डोळे खालच्या पांढऱ्या रेषेवर, हात कागदावर. रेषेवरून गाडी गेली की तिचा नंबर लिहायचा, कागदाकडे न बघता. मान खाली गेली की एखादी गाडी निसटलीच समज. अल्व्हिनाची शाळा सहावीत सुटलेली, पण तिची पेन्सिल चुकली असं कोणी म्हटलं नव्हतं. शर्यत संपवणारा काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा कुणावर टाकायचा, हे झेंडेवाला तिलाच विचारायचा.

एकदा एका पोरीनं म्हटलं होतं, चुकली म्हणून. ती पोर म्हणजे अर्डिस. आता एकसष्टची. आजही तपासणीचा दुसरा कागद धरून अल्व्हिनाच्या शेजारी तीच बसणार होती.

मेळ्याच्या शेवटी जुन्या गाड्या दहा फेऱ्या मारतात. यंदा मेर्लची निळी बारा नंबरची गाडी चालवणार होती रॉन्डा, अल्व्हिनाची नात. मुलगा अपघातात गेला तेव्हापासून अल्व्हिनानंच वाढवलेली. घरात मागे उरलेलं माणूस ते एवढंच.

"हे प्रदर्शन आहे, शर्यत नव्हे. जो जिथे आहे, त्यानं तिथेच राहायचं," अल्व्हिनानं तिच्या हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हातानं आवळला.

"आजी, माझ्याबरोबर एल्मर आहे, त्र्याऐंशी वर्षांचा. तो मला गाठेपर्यंत बर्फ पडायला लागेल."

"दात काढू नकोस. तिसऱ्या वळणावर कठड्यापासून लांब राहा."

"दर वेळी तिसरंच वळण का गं?"

अल्व्हिनानं पट्टा आणखी एक घर आवळला.

झेंडेवाला लाइल कॉफीचा रिकामा डबा घेऊन आला. कुणी कुठून निघायचं ते डब्यातले नंबरांचे बिल्ले ठरवतात, ही जुनी रीत. गाड्या सात, म्हणून त्यानं सगळ्यांदेखत सात बिल्ले मोजून टाकले. रॉन्डाच्या हाताला एक नंबरचा बिल्ला आला, म्हणजे सगळ्यांच्या पुढची जागा. सातही जणांनी हात घातले, बिल्ले काढले. लाइलनं डबा बाजूला ठेवला, तर आत काहीतरी खुळखुळलं.

त्यानं डबा उपडा केला. तळहातावर आठ नंबरचा बिल्ला पडला.

"हा कुठून आला?"

"मोजता येत नाही तुला, दुसरं काय," अल्व्हिना म्हणाली. लाइलनं खांदे उडवले. बिल्ला मात्र खिशात टाकताना दोन बोटांत धरला, तापलेलं नाणं धरावं तसा.

माडीवर उकाडा होता. पाण्याच्या टँकरनं ट्रॅक भिजवून ठेवला होता, खालून ओल्या चिकणमातीचा वास येत होता. पलीकडे मक्याचं रान, त्याच्या पलीकडे वाबॅश नदीवरची झाडं. अर्डिसनं कागद मांडला, पेन्सिलीला टोक काढलं. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत.

या गाड्या स्वतः सुरू होत नाहीत, मागून ट्रकनं ढकलाव्या लागतात. एकेक इंजिन खोकत जागं झालं. लाइलनं हिरवा झेंडा हलवला. पुढे निळी बारा नंबर, मागे बाकीच्या सहा, लग्नाच्या वरातीसारख्या शिस्तीत.

अल्व्हिनाचा हात आपोआप चालू लागला. कसं विसरेल तो? एक फेरी. दुसरी फेरी. मेळ्यातल्या म्हाताऱ्यांनी टोप्या हलवल्या.

तिसऱ्या फेरीला तिला वाटलं, हात एकदा जास्त चालतोय.

चौथ्या फेरीला खात्री पटली. गाड्या सात गेल्या, पेन्सिल आठदा हलली. तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं केलं. मान खाली घालून कागद पाहिला.

पहिल्या ओळीत सातही गाड्यांचे नंबर, आणि शेवटी सत्तेचाळीस.

दुसऱ्या ओळीत सत्तेचाळीस शेवटून दुसरा. तिसऱ्या ओळीत शेवटून तिसरा. चौथ्या ओळीत त्याच्या मागे तीन गाड्या होत्या.

अक्षर तिचंच. सातला मधे आडवी रेघ मारायची तिची खोडसुद्धा.

"अर्डिस, गाड्या किती आहेत?"

"सात," अर्डिस म्हणाली. तिचा हात कागदावर आडवा होता, कोपरापर्यंत.

सत्तेचाळीस नंबर हॉइट पेटिटचा. बेचाळीस वर्षांपूर्वी, याच ट्रॅकवर, पंचवीस फेऱ्यांची शर्यत. मेर्ल आणि हॉइट चाकाला चाक लावून पळत होते. सतराव्या फेरीला मेर्लचं मागचं चाक डगमगलं, आणि अल्व्हिना तिकडेच बघत राहिली. एकोणीस वर्षांची अर्डिस शेजारून म्हणाली, "बाई, तुमचा सत्तेचाळीस राहिला." ती म्हणाली, "गप बस. नाक पुसायला शीक आधी."

शेवटी हॉइट पुढे होता. पण तिच्या कागदावर त्याची एक फेरी कमी होती. तो रेषेवरून गेला तेव्हा झेंडा हललाच नाही. मागून मेर्ल आला तेव्हा झेंडा पडला. सगळ्यांनी वेग उतरवला. हॉइटला वाटलं, शर्यत अजून बाकी आहे. तो तसाच भरधाव फिरून आला, तर तिसऱ्या वळणावर समोर संथ गाड्यांची भिंत. त्यांना चुकवायला त्यानं गाडी बाहेर घातली आणि तो लाकडी कठडा फोडून मक्यात गेला. तिथेच संपला.

त्या संध्याकाळी अल्व्हिनानं बोटांवर सगळ्या फेऱ्या पुन्हा मोजल्या. मग अर्डिसचा कागद मागून घेतला आणि फाडला. आपला ठेवला. चषक घरी आला.

पाचवी फेरी. तिनं रेषेवर डोळे रोवले. तिसरी गाडी गेली, चौथी गाडी गेली, आणि दोन्हींमधल्या रिकाम्या जागेत तिच्या हातानं लिहिलं. चार. सात.

खिडकीतून जळक्या एरंडेल तेलाचा वास आला. पूर्वी इंजिनांत ते तेल घालत. आता कोणी घालत नाही.

सहावी फेरी. सत्तेचाळीस तिसरा.

पुढे धावणाऱ्या रॉन्डानं मान वळवून मागे पाहिलं. तिच्या मागे एल्मर चांगला पंधरा हात लांब होता. तरी तिनं गाडी थोडी बाहेर घेतली. आतून कुणाला तरी वाट द्यावी तशी.

"बाहेर नको जाऊ," अल्व्हिना पुटपुटली. "बाहेर नको, पोरी."

सातवी फेरी. सत्तेचाळीस दुसरा. आता पुढे फक्त बारा.

अर्डिसनं कागदावरचा हात सावकाश उचलला. तिच्या कागदावरही आठ नंबर होते, पहिल्या ओळीपासून.

"मग सात का म्हणालीस?"

"मागे खरं बोलले होते तेव्हा नाक पुसायला सांगितलंत," अर्डिस म्हणाली. "म्हटलं, बघू या. आज तरी खरं बोलता का."

आठवी फेरी. तिसऱ्या वळणावर रॉन्डाची गाडी आणखी बाहेर सरकली. मागचं चाक कठड्याला घासलं, ढलप्या उडाल्या. तिच्या आतल्या बाजूला ओल्या मातीवरून कोरडी धूळ उठत होती, एका गाडीएवढी लांब. धुळीत काहीच नव्हतं.

अल्व्हिनानं भिंतीवरचा फोन ओढला. त्याची तार थेट झेंडेवाल्याच्या मचाणावर जात होती.

"लाइल, झेंडा टाक."

"अहो अल्व्हिनाबाई, अजून दोन फेऱ्या—"

"टाक म्हणते ना! सत्तेचाळीसवर."

"सत्तेचाळीस कुठाय?"

गाड्या चौथ्या वळणातून बाहेर पडत होत्या. निळी गाडी आणि तिच्या बाजूची धूळ.

तिचे ओठ बेचाळीस वर्षं शिवलेले होते. टाके तिनंच घातलेले.

"सत्तेचाळीसनं शर्यत जिंकली," ती ओरडली. "तेव्हाही त्यानंच जिंकली होती. सतराव्या फेरीला माझा हात चुकला. ऐकलंस? माझा! अर्डिसचा कागद बरोबर होता. आता टाक, माझी पोर मरेल!"

लाइलनं फोन सोडला. मग मचाणावर काळापांढरा झेंडा उघडला आणि खाली आला.

तिच्या हातानं लिहिलं. सत्तेचाळीस. त्याच्यानंतर बारा.

धूळ बसली. रॉन्डाची गाडी हळूहळू आत आली, रांगेत लागली. पलीकडच्या गवतावर सातही गाड्या थांबल्या. एकेक इंजिन बंद पडलं. रॉन्डानं हेल्मेट काढलं आणि माडीकडे बघून हात हलवला.

अल्व्हिनानं पेन्सिल खाली ठेवली. बोटं आता मोकळी होती. अर्डिसनं तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

फोन वाजला.

"अल्व्हिनाबाई," लाइलचा आवाज अगदी हळू होता. "तो रेषेवर थांबलाय."

"कोण?"

"मला विचारतोय, संपली का शर्यत."

अल्व्हिनानं खिडकीतून पाहिलं. पांढऱ्या रेषेवर कोणी नव्हतं. ओली माती तेवढी चकाकत होती. पण फोनमध्ये, लाइलच्या आवाजामागे, एक इंजिन संथ धडधडत होतं.

"संपली म्हणावं," ती म्हणाली. "तूच जिंकलास म्हणावं."

लाइलनं तोंड वळवून कुणाला तरी सांगितलं. फोनमधलं इंजिन बंद झालं.

"अल्व्हिनाबाई," तो म्हणाला, "तो वर येतोय. तुम्हाला भेटायला."

अर्डिस उठली. भिंतीशी दुमडून ठेवलेली तिसरी खुर्ची तिनं आणली, उघडली आणि अल्व्हिनाच्या समोर मांडली.