बाहेरची कडी

एक विचारतो, खरं सांगा. भरवसा कुणावर ठेवाल? तुम्हाला दुःख होऊ नये म्हणून जो खोटं बोलतो त्याच्यावर, की जो तोंडावर खरं सांगून मोकळा होतो त्याच्यावर?

प्रथमेश, तू लगेच 'खरं सांगणाऱ्यावर' म्हणालास. मानसी बघ, गप्प बसली. तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मी हैद्राबादच्या या अफझलगंजात चाळीस वर्षं रंग विकला. गिऱ्हाईक डब्यावरचा रंग बघून हाच पाहिजे म्हणतं, आणि भिंतीला लागला की तोच रंग घेऊन भांडायला येतं. तेव्हापासून मी कुठल्याच सवालाला लगेच उत्तर देत नाही.

"काका, भूत कधी येणार?"

येईल ग. आधी माणूस तर येऊ दे.

माणूस म्हणजे मुकुंदराव. त्यांच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. बिजागऱ्या, खिळे, कुलपं, मुठी, जे म्हणाल ते. फक्त दाराला बाहेरून लावायची कडी त्यांच्याकडे मिळायची नाही. कुणी मागितली की म्हणायचे, "नहीं है, आगे देखो." एकदा एका होस्टेलचा ठेकेदार दोनशे कड्या मागायला आला. मुकुंदरावांनी त्याला परत पाठवला. मी म्हटलं, "मुकुंदराव, वेड लागलं काय? दोनशे!" ते नुसते हसले. मग मीच त्या ठेकेदाराला पुढच्या गल्लीत नेलं. कमिशनही मीच खाल्लं. कशाला खोटं बोलू?

बरं, तर २०२३ साल. सप्टेंबरची एकोणतीस तारीख, शुक्रवार. आदल्या दिवशी गणपती बुडाले होते. तुम्हाला माहीतच आहे, इथलं विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतं. रस्त्यात गुलाल, झेंडूचा चिखल, रिकामे ट्रक. त्या रात्री मुकुंदराव एका साध्या कामाला निघाले. त्यांचे मेव्हणे केशवराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी उमरग्याहून बसनं येणार होते, त्यांना इमलीबनच्या स्टँडवरून घरी आणायचं. बस साडेअकराची.

मुकुंदराव काचीगुड्यात पहिल्या मजल्यावर एकटेच राहायचे. खाली याकूबमियाँ वॉचमन.

"सेठ, इत्ती रात को कां जा रे?"

"मेव्हणे आ रे, मियाँ. लेको आता हूँ."

"हौ. दरवाजा बराबर बंद करे क्या?"

"हौ, कर दिया."

त्यांच्या दाराला चावीचं कुलूप होतं, दारातच बसवलेलं. ओढून घेतलं की बंद. बाहेरच्या अंगाला चावीच्या भोकाशिवाय काही नाही. सपाट लाकूड.

स्टँडवर गेले. बारा वाजता फोन आला, बस जहिराबादला बंद पडली, दुसरी येतेय. मुकुंदराव बाकावर बसून राहिले. पौर्णिमा होती, समोर मुसी नदीच्या पात्रावर चांदणं. आणि तारीख ती होती. ते बसले असतील आणि मनात काय आलं असेल ते तुम्हाला कळायचं, तर तीस वर्षं मागं जावं लागेल.

किल्लारीच्या भूकंपाचं तुम्ही शाळेत एका ओळीत वाचलं असेल. तेरणेच्या काठी, किल्लारीपासून दोन कोसांवर मुकुंदरावांचं गाव. काळ्या दगडाच्या हात-दीड हात जाड भिंती, मातीत रचलेल्या. वर पांढऱ्या मातीचं धाबं, दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती घालायची. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. माणसं म्हणायची, असल्या घराला काय होतंय.

त्र्याण्णव सालच्या एकोणतीस सप्टेंबरला गावचे गणपती नदीत बुडाले. सगळे नाचून दमले, उशिरा घरी आले. मुकुंदराव तेव्हा एकोणतीस वर्षांचे. गावात छोटं दुकान. दसऱ्याचा माल भरायला त्यांना हैद्राबादला यायचं होतं, ट्रक रात्री दीडला निघणार होता. बायको पद्मावती आणि चार वर्षांची रेणू आतल्या खोलीत झोपलेल्या. पद्मावती अर्धवट झोपेत म्हणाली, "अहो, जाताना बाहेरून कडी घाला. मी आता उठत नाही बाई."

आमच्याकडं ही रीतच होती. रात्री जाणाऱ्यानं बाहेरून कडी घालायची, म्हणजे झोपलेल्याला उठायला नको आणि कुत्रं आत शिरत नाही. पहाटे शेजारची गोदूमावशी धारेला उठली की ती काढायची. हजार वेळा झालं असेल असं. मुकुंदरावांनी कडी घातली, कोयंड्यात बसली की नाही ते ओढून पाहिलं, आणि ट्रकमध्ये जाऊन बसले.

तीन वाजून छप्पन मिनिटं.

ट्रकमध्ये त्यांना काही कळलं नाही. सकाळी इथं पोचले तेव्हा हॉटेलात रेडिओ लागला होता. उलटे फिरले. रस्ते माणसांनी आणि गाड्यांनी भरलेले. गावात पोचायला दुसरा दिवस उजाडला. पद्मावतीचा थोरला भाऊ केशवराव शेजारच्या गावचा, तो आधीच आला होता. दोघींना त्यानं स्वतःच्या हातांनी काढलं होतं, आणि अग्नीही दिला होता. तेव्हा कुणाची वाट बघायची सोय नव्हती. एकेका चितेवर किती जण... जाऊ दे.

केशवराव म्हणाले, "दाजी, झोपेतच गेल्या. अंथरुणातच सापडल्या. त्यांना काही कळलंसुद्धा नाही."

मुकुंदरावांनी मान डोलावली. कडीचं बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर नाही, कुणाजवळच नाही. बुलडोझर आले, ढिगारे सपाट झाले, गाव दुसरीकडं वसलं. मुकुंदरावांचे पाय त्या बोळाकडं वळलेच नाहीत, घर आणि दार बघायचं राहूनच गेलं.

आणि मग तीस वर्षं त्या माणसाला एकच प्रश्न. खरंच झोपेत गेल्या? का जाग आली... दारापर्यंत आल्या... आणि दार उघडेना?

त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. दुकान काढलं. कड्या ठेवल्या नाहीत. आता कळलं ना?

"काका..." मानसी म्हणाली.

तर तिकडं स्टँडवर साडेतीन वाजले. केशवरावांचा पुन्हा फोन. "दाजी, तुम्ही घरी जा. दुसऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळच्या गाडीनं येतो." मुकुंदराव रिक्षा करून घरी आले. याकूबमियाँ खाटेवर पडून मोबाइलवर कव्वाली ऐकत होते.

"मेहमान?"

"सुबू आते बोले."

जिना चढले. जिन्यातला दिवा जळत नव्हता. चांदणं खिडकीतून निम्म्या पायऱ्यांपर्यंत येत होतं. त्यांनी खिशातून चावी काढली.

आतून कुणीतरी दार ठोकलं.

ते थांबले. घरात कुणी नव्हतं. शेजारचं असेल.

पुन्हा. त्यांच्याच दारावर. आतून. छातीच्या उंचीवर, तळहातानं.

मग खाली. गुडघ्याच्या उंचीवर. हलके, भरभर. लहान हात.

मुकुंदरावांचा हात चावीच्या भोकाकडं गेला. भोक सापडेना. बोटांना लोखंड लागलं. गार. जड. साखळीची कडी... कोयंड्यात घट्ट बसलेली.

"अहो..."

तीस वर्षांत त्यांना कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं.

"अहो... कडी..."

पुढं शब्द नव्हते. नुसते हात. वर दोन. खाली दोन.

"पद्मा, काढतो. थांब. काढतो..."

कडी निघेना. दार आतून रेटलं जात होतं, कडी ताणली गेली होती. ते ओरडले, "मागं हो! पद्मा, जरा मागं हो! रेणूला मागं घे!" ठोके थांबले. त्यांनी दोन्ही हातांनी कडी वर उचलली.

ठण्...

ती सुटून दारावर आदळली.

दार उघडलं. आत काळोख. जुन्या मातीचा वास. आणि त्यांच्या अंगाला घासून... कुणीतरी गेलं. उबदार. मागून एक लहान हात त्यांच्या सदऱ्याला लागला. धरला. सुटला.

जिन्यावर पावलं. मोठी की लहान, सांगता येत नव्हतं. ते मोजत नव्हते, पण मोजली गेली. एक... दोन... तीन... भरभर. सात. आठ. नऊ.

मग काही नाही.

जिन्याला पायऱ्या एकोणीस आहेत.

भिंतीवरच्या घड्याळात तीन सत्तावन्न झाले होते.

याकूबमियाँ धावत वर आले. मुकुंदराव उंबऱ्यात बसलेले, दार सताड उघडं. "सेठ, कौन उतरा? मैं आवाज सुना. जूता नई था पाँव में. आधे जीने तक आया, फिर..." मियाँनी कानाला हात लावले. "फिर नई आया." ते रात्रभर मुकुंदरावांजवळ जिन्यात बसून राहिले. असा शेजार मिळायला नशीब लागतं, पोरांनो.

सकाळी आठला केशवराव आले. हातात पिशवी, डोळे किलकिले करत. मला मियाँनी फोन केला होता, म्हणून मीही गेलो होतो. जे पुढं झालं ते माझ्या कानांनी ऐकलेलं.

"दाजी, हे काय? जिन्यात का बसलात? तब्येत..."

"केशवराव, एक विचारू?"

"विचारा की."

"मी त्या रात्री बाहेरून कडी घातली होती."

केशवरावांना आधी समजलंच नाही. कुठली रात्र, कुठली कडी. मग समजलं. पिशवी हातातून खाली गेली.

"तीस वर्षं..." ते म्हणाले. "दाजी, तीस वर्षं तुम्ही हे... आणि मला एका शब्दानं..."

"अंथरुणात सापडल्या होत्या ना? खरं सांगा. आता खरं सांगा."

केशवराव भिंतीला धरून खाली बसले. रस्त्यावरनं कुणी इडलीवाला ओरडत गेला.

"अंथरुणात नव्हत्या," ते म्हणाले. "बोळात होत्या. समोरच्या वाण्याची भिंत आली अंगावर. पद्मानं पोरीला पोटाखाली घेतलं होतं. दारापासून... मी पावलं टाकली होती, का टाकली कुणास ठाऊक. नऊ. जाग्या होत्या, दाजी. भ्याल्या होत्या, धावल्या होत्या. ते तुम्हाला कसं सांगू? म्हणून म्हटलं, झोपेत गेल्या."

"आणि दार?"

"सताड उघडं. कडी बाहेर लोंबत होती. मला काय माहीत ती बाहेरून घातली होती? मला वाटलं, आतून उघडून पळाल्या."

"कुणी काढली?"

"कोण काढणार? गोदूमावशी तिच्या घरात सापडली, अंथरुणात. बोळात दुसरं कुणीच नव्हतं."

मुकुंदराव रडले. मी त्यांना अठ्ठावीस वर्षं ओळखत होतो, पहिल्यांदा रडताना पाहिलं. "उघडलं ना पण," तेवढंच म्हणत होते. "दार उघडलं ना..."

मग मध्येच थांबले. डोळे पुसले नाहीत, तसेच केशवरावांकडं बघत राहिले.

"आणि घर? आत राहिल्या असत्या तर?"

केशवरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं.

"घर बसलंच होतं, दाजी. सगळं बसलं होतं."

हे खरं होतं का? मला माहीत नाही. केशवराव प्रेमापोटी एकदा तीस वर्षं खोटं बोलले होते. मुकुंदरावांनी पुन्हा विचारलं नाही. मी तिथं असतो... म्हणजे मी तिथंच होतो, आणि मीही विचारलं नाही. गेल्या पौषात मुकुंदराव गेले. झोपेत. हे मात्र खरं, मी स्वतः पाहिलं.

ते दार अजून तिथंच आहे. दाराला बाहेरून साखळीची कडी लोंबत असली की ती येता-जाता हलते, आणि लाकडात अर्धचंद्रासारखी खाच पडते. बोट बसेल एवढी खोल खाच पडायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, कुठल्याही सुताराला विचारा. मुकुंदरावांच्या दाराला कडी कधीच नव्हती. त्या सकाळी बाहेरच्या अंगाला, छातीच्या उंचीवर, ती खाच होती. जुनी, हातानं गुळगुळीत झालेली. मी त्यात बोट घालून पाहिलं. आत थोडी पांढरी माती होती.

ही गोष्ट तुम्ही पुढं कुणाला तरी सांगाल. सांगाच. पण रंगवून सांगू नका. किंकाळ्या घालू नका, पांढरी साडी घालू नका. पावलं नऊ होती, नऊच सांगा. तेवढीच त्या मायलेकी मोकळ्या हवेत चालल्या. त्यातलं एक वाढवू नका, एक कमी करू नका. एवढा हिशेब माझ्यासाठी चोख ठेवा.