कॉलनी ते मेडिकल, बावीस मिनिटं

जाईला आधी त्याचे पायच दिसले. एका पायात बूट, दुसऱ्यात रबरी स्लिपर. मावठ्याची भुरभुर चालू होती आणि कारखान्याच्या कॉलनीतल्या जिन्यावरून तो स्ट्रेचरचं टोक धरून उलटा उतरत होता. "बाबा, बोलू नका ना... दमाल," असं वडिलांना विनवत होता.

झाशीत भरदुपारी, अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी! जाईच्या घराण्याला इथे येऊन आठ पिढ्या झाल्या, पण मराठी उरली ती आईशी बोलण्यापुरती. अ‍ॅम्ब्युलन्सवर तीन वर्षं ती पॅरामेडिक होती, आणि तिथे सगळा कारभार हिंदीत.

"आपण पुढे बसा, पायलटशेजारी," ती म्हणाली. पायलट म्हणजे त्यांचा ड्रायव्हर, पियूष भैया.

तो चमकला. "तुम्ही... मराठी?"

"बसा आधी."

मागे त्याच्या वडिलांच्या, सुभाषचंद्रांच्या छातीला तारा लागल्या. ईसीजीचा कागद बाहेर आला आणि जाईने तो मुकाट्याने घडी करून ठेवला. कागद चांगला नव्हता. म्हातारबोवा मात्र गप्प राहायला तयार नव्हते.

केबिनच्या सरकत्या खिडकीत मुलाचा ओला चेहरा आला. मकरंद त्याचं नाव. सांगलीहून नोकरीसाठी आलेला. हातात मोबाइल होता. "बाबा बरे होतील ना?"

हा प्रश्न तिला रोज कुणी ना कुणी विचारी. उत्तरही ठरलेलं होतं, ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी घोटून घेतलेलं – हम पूरी कोशिश कर रहे हैं. त्यापुढे एक अक्षर नाही; बरे होतील असा शब्द कुणालाही द्यायचा नाही. पण ते उत्तर हिंदीतलं होतं. मराठीत जाईकडे कामाचं एकही वाक्य नव्हतं, होती ती सगळी घरातली. ताप आलेल्या पोराला आई म्हणते, तसली.

"काही होत नाही," ती म्हणून गेली. "उद्या चहा मागतील बघा."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने मोबाइल खिशात ठेवला.

मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोहोचल्यावर तासाभरात सुभाषचंद्र गेले.

पेशंट उतरवला की मागे वळून विचारायचं नाही, असा तिचा नेम होता. या वेळी तिने विचारलं, आणि दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

पंधरा दिवसांनी, लक्ष्मी ताल नावाच्या तलावाजवळ त्यांची गाडी उभी असते तिथे तो आला. डोक्यावरचे केस नुकते उगवू लागले होते.

"त्या दिवशी मी रेवतीला फोन लावत होतो," त्याने सुरुवातच तशी केली. "माझी बहीण. सांगलीला असते. तुम्ही म्हणालात काही होत नाही, म्हणून म्हटलं, उगाच कशाला घाबरवा तिला. बाबा तेव्हा बोलत होते ना?"

"हो. पूर्ण बावीस मिनिटं."

"ती मला रोज विचारते – एकदा फोन त्यांच्या कानाला लावला असतास तर..."

सबबी पुष्कळ होत्या. जाईने एकही काढली नाही. "माझी चूक झाली. आम्ही असं कुणालाच सांगत नाही. आपण मराठीत विचारलंत, आणि माझा तोल गेला."

तो तलावाच्या पाण्याकडे वळला आणि तसाच निघून गेला. प्रकरण संपलं, असं तिला वाटलं. पण आठवड्याने तो पुन्हा आला, आणि मग येतच राहिला. कारखान्यातली ड्यूटी सुटली की टपरीवरून दोन चहा घ्यायचे आणि गाडीपाशी उभं राहायचं. कधी तिला तेवढ्यात कॉल येई, गाडी सायरन वाजवत मऊरानीपूरच्या रस्त्याला लागे, आणि परतल्यावर हा दोन थंड ग्लास घेऊन तिथेच.

"मैडम, इनखों कहूँ पिरात है का?" यांचं कुठे दुखतंय का, असं पियूष भैया आपल्या बुंदेलीत विचारी. "रोज आ जात हैं."

"सारखं आपण-आपण म्हणता मला," मकरंद एकदा म्हणाला. "सासुरवाडीला आल्यासारखं वाटतं."

"मग जावयासारखं गप्प बसा," जाई बोलून गेली, आणि तिचे कान तापले. तोही हसला... पुष्कळ दिवसांनी हसत असावा, कारण हसू मध्येच थांबलं आणि डोळे भरले. त्या क्षणी हा माणूस तिला फार आवडला. आवडून काय उपयोग, हेही त्याच क्षणी तिच्या मनात आलं.

होळीनंतरच्या एका संध्याकाळी त्याने सांगितलं, "महाराष्ट्रात बदली मागितली होती. अर्ज मागे घेतला."

"का?"

"विचारता काय? तुमच्यासाठी."

तिने ग्लास खाली ठेवला. मग ती म्हणाली, "रेवतीताईंना माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

"नाव सांगितलं. आवडते, हेही सांगितलं. ती अ‍ॅम्ब्युलन्सवाली तुम्हीच, हे... नाही सांगितलं."

"मला आपण आवडता, मकरंद. खूप. पण हे लपवून मी त्यांची भावजय व्हायची नाही. फोन लावा."

"आत्ता? आणि ती नाही म्हणाली तर? माझं दुसरं कुणी उरलेलं नाही, जाई."

"तर नाही."

त्याने फोन लावून दिला.

"ताई, मी जाई बोलतेय. बाबांना मेडिकलला नेलं ती मीच. काही होत नाही असं मकरंदना मी सांगितलं. तुम्हाला तेव्हा फोन आला नाही, तो माझ्यामुळे."

मकरंदने मान खाली घातली.

मग रेवती म्हणाली, "काय बोलत होते ते?"

तीन महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मकरंदची हिंमत झाली नव्हती, आणि आपण होऊन सांगायचा हक्क जाईला वाटत नव्हता.

"तुमच्याबद्दलच बोलत होते. म्हणाले, लेकीने पाठवलेला भडंग मकरंद एकटाच संपवतो, म्हणून मी डबा लपवलाय. मग म्हणाले, पोरगी गाडी शिकली तेव्हा सगळ्यांत आधी मला शेजारी बसवलं तिने. मी जाम घाबरलो होतो, पण तिला कळू दिलं नाही. आमची गाडी खड्ड्यात आपटली तेव्हा डोळे मिटूनच हसले... म्हणाले, हा पण तसाच चालवतोय."

रेवती हसली की रडली, कळलं नाही.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग मला. काही गाळू नकोस."

जाई अ‍ॅम्ब्युलन्सच्या पायरीवर बसली आणि कॉलनीच्या जिन्यापासून सांगू लागली. मकरंद शेजारी येऊन टेकला. तोही हे पहिल्यांदाच ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने तिचा मोकळा हात धरला, आणि तिने तो धरू दिला.