वाटेवरच्या बाईचे माप

आपण आग्रह केलात म्हणून सांगतो. वात तेवढी मोठी करा.

१९४४ सालचा मार्च महिना होता. भिंगारच्या एका प्रार्थनामंदिरासाठी मेंढपाळाचा चित्रपडदा विणून द्यायचा होता आणि ईस्टरला तीन आठवडे उरले होते. चौकटींच्या कागदावरचा नकाशा माझा, विणणारे हात मनकर्णाबाईंचे. कागदावरचे एक घर म्हणजे पडद्यावरचा एक इंच, हे ठरलेले प्रमाण. मी घरे मोजून रंग पुकारीत असे. मनकर्णाबाई उभ्या मागाच्या पलीकडे, पडद्याच्या उलट बाजूस बसून माझी पुकार परत म्हणत आणि तेवढेच धागे भरीत.

दूरच्या वाटेवर मी एक उभी बाई बाजूने दिसेल अशी काढली होती. उंची तीन घरे. ती माझी पत्नी कृपा, हे कोणास कळू नये म्हणून इतकी लहान. दोन वर्षांपूर्वी देवळाली प्रवरेस, माहेरी, तिला ताप भरला. ‘एकदा येऊन जा’ असे पत्र आले. माझ्या हातात एक नकाशा अर्धवट होता. चार दिवसांनी गेलो, तेव्हा माती देऊन झाली होती.

विणकाम खालून वर चढते. म्हणून तिचे पाऊल प्रथम आले. ते जेमतेम अर्धा इंच असावयास हवे. पट्टी लावली, तो चार इंच भरले.

“मनकर्णाबाई, मोजणी चुकली.”

“म्या न्हाई चुकले, मास्तर. तुमी बोललात तेवढंच इनलंय.”

ते उसवले. दुसऱ्या दिवशी मी एकेक धागा सावकाश पुकारला. पट्टी लावली: नऊ इंच. घरी जाऊन कृपेची जुनी चप्पल आणली आणि ताडून पाहिली. तंतोतंत.

“तुमची बाई लई घाईत हाय,” पलीकडून त्या हसल्या.

मला हसू आले नाही. चित्रात माप म्हणजेच अंतर. लहान आकृती दूर, मोठी जवळ. खऱ्या मापाची म्हणजे पडद्याशी येऊन पोहोचलेली. उसवावे, तर तिला पुन्हा मागे लोटल्यासारखे होणार. तरीही मी उसवले. काम वेळेवर द्यायचे होते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कारखान्यात आम्ही दोघेच होतो. ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. बाहेर कोठेतरी होला घुमत होता, तोही थांबला. पाऊल पुन्हा विणून होताच मी पट्टी लावली. अकरा इंच. पुन्हा लावली. अकराच.

खऱ्याहून मोठी आकृती पडद्याच्या आत असू शकत नाही. प्रमाणाच्या नियमाने ती अलीकडे, पाहणाऱ्याच्या बाजूस असावी लागते.

मी कात्री उचलली. आता तिला नकाशातूनच काढून टाकायचे...

“मास्तर...” ताण्याच्या उभ्या धाग्यांपलीकडून मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, “पाव्हनीला जरा बाजूला सरकाया सांगा. उजेड अडतोय.”

मी गर्रकन मागे वळलो. खिडकी, ऊन, रिकामी भिंत.

“मागं काय बघताय? तुमच्या अन् मागाच्या मधी उभी हाय ती. मला पाठच दिसती... तोंड तुमच्याकडं हाय.”

मी समोर पाहिले. कोणीही नव्हते. कात्री खाली ठेवली.

“आलीस?” एवढेच मी विचारले.

वारा मुळीच नव्हता. तरी ताण्याचे ते ताठ धागे, कोणी पाठ टेकावी तसे, सावकाश पलीकडे झुकले.