चार गिन्न्या आणि एक डाग

मिनलने गिन्नीवर तोंडाची वाफ सोडली, ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि ती राणीचा चेहरा पुसणार, इतक्यात मध्ये कुणाचा तरी अख्खा तळहात आला.

"पुसू नका!"

धरमपेठेतल्या त्या सभागृहात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. टेबलांवर वाकलेली सगळी डोकी वर झाली आणि तिच्याकडे वळली.

"हात काढा," मिनल म्हणाली.

"आधी ओढणी."

"हे नाणं माझ्या आत्याचं आहे."

"मी कुठं माझं म्हटलं? पण सोनं नरम असते हो मॅडम. एकदा ओरखडा पडला की तो जन्माचा."

"मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सोन्याचे गुणधर्म कृपया मला सांगू नका."

"मग तर अजिबातच पुसू नका," तो म्हणाला आणि चक्क हसला.

मिनलला संताप आला. हा कोण लागून गेला? त्याच्या मागच्या टेबलावर पाटी होती: 'जुन्या नाण्यांची देखभाल व संवर्धन — वैभव निमजे'. म्हणजे धंदाच होता तर! त्याची नजर गिन्नीवरून तिच्या उजव्या हातावर गेली. तर्जनीच्या टोकावर प्रयोगशाळेतल्या रसायनाचा काळपट तपकिरी डाग होता.

"सिल्व्हर नायट्रेट?"

तिने मूठ मिटली. मागच्याच महिन्यात बघायला आलेल्या एका बाईंनी तिचा हात उलटापालटा करून विचारलं होतं, "हे डाग जातात ना?" साडी विकत घेताना विचारावं, अगदी तसं.

"माझ्याही बोटांले पडतात," वैभव म्हणाला. "आठ-दहा दिवसांत आपोआप जातात. घासू नका फक्त."

एका मिनिटात या माणसाने तीनदा तिला 'पुसू नका', 'घासू नका' म्हटलं होतं. पुन्हा याचं तोंड पाहायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. आणि दहा मिनिटांनी ती त्याच्याच टेबलासमोर उभी होती.

इलाज नव्हता. प्रश्न आत्याच्या गुडघ्यांचा होता. आईवडिलांच्या मागे चंद्रकला आत्याने मिनलला उमरेडला वाढवलं होतं. चाळीस वर्षं हातमागाच्या पावड्या दाबून तिला शिकवलं होतं. आता दोन्ही गुडघे झिजले होते. जानेवारीत ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठी होत्या या चार गिन्न्या. आत्याच्या आजोबांनी कुणा मालगुजाराच्या लग्नात धोतरजोड्या विणून दिल्या, तेव्हा मिळालेल्या. प्रदर्शनातल्या ताराचंद शेठ नावाच्या व्यापाऱ्याने त्या दोन बोटांत धरून नाक मुरडलं होतं. "मळकट आहेत. मोडीच्या भावात घेतो. नाहीतर चमकवून आणा."

वैभवने भिंगातून चारही गिन्न्या पाहिल्या. फक्त कडेला धरत होता, हळूच, पाखराचं पिल्लू धरावं तसा.

"या तिघींले काहीच करायचं नाही."

"काहीच?"

"हा लालसरपणा त्यातल्या तांब्याचा आहे. शंभर वर्षांत आपसूक आलेला. जाणकार माणूस याचेच जास्त देतो. आणि अक्षरांच्या खाचेत थोडं कुंकू आहे... लक्ष्मीपूजनाचं ना? राहू द्या. त्यानं काही अडत नाही." मग चौथी त्याने उजेडात तिरपी केली. "ही प्लास्टिकच्या पिशवीत होती?"

"हो. का?"

"हा हिरवट, चिकट थर त्या प्लास्टिकचा आहे. हिला तेवढं स्वच्छ करावं लागेल. नाहीतर तो थर हळूहळू खात जातो."

मिनलच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तुम्ही याच कामाचे पैसे घेता ना? मग चारांतल्या तीन नाण्यांना नको का म्हणता? यात तुमचा डाव काय आहे?"

"डाव?" तो गोंधळला. "चौथीचेही नाही घेत. तुमच्या लॅबमध्ये ॲसिटोन असेलच. काचेच्या भांड्यात बुडवून ठेवा, घासू नका, झालं."

"माझंच ॲसिटोन वापरण्याची परवानगी तुम्ही मला देत आहात?"

"तुम्ही चिडल्या की एकदम पुस्तकातलं बोलता हो."

"मी चिडलेली नाही."

"हे पण पुस्तकातलंच."

"शनिवारी दुपारी तीन वाजता," मिनल दात आवळून म्हणाली. "माझ्या प्रयोगशाळेत. माझ्या डोळ्यांसमोर तुम्हीच करून दाखवायचं. आत्याही असेल."

शनिवारी आत्या काठी टेकत आली, बाकावर बसली आणि तिने मोठ्या अभिमानाने रुमालाची गाठ सोडली. तीन गिन्न्या होत्या तशाच होत्या. एक मात्र लखलखत होती. वैभवने 'काहीच करायचं नाही' म्हटलेल्या तिघींतली सर्वांत चांगली होती, तीच.

"आत्या... काय केलंस?"

"चिंच लावली आन् रांगोळीनं घासली. चांगली तासभर. हे पाहाले येऊन राहिले ना? मंग अशीच मळकी दाखवू काय? बाकीच्या घासाले गुडघेच दुखाले लागले."

"रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी असते, आत्या! दगडाची!"

वैभवने भिंग लावलं. राणीच्या गालावर, कपाळावर बारीक रेघांचं जाळं उमटलं होतं.

"हिला आता फक्त सोन्याचा भाव येईल, आत्या," तो म्हणाला. "पण बाकी तिघी ठीक आहेत. काळजी नका करू."

मिनल त्याच्यावरच उलटली. "तुम्ही हिच्यावर चिडत का नाही? माझ्यावर तर भर सभागृहात ओरडलात!"

"तुम्ही अजून पुसलं नव्हतं. तेव्हा ओरडून फायदा होता."

तो खरं बोलत होता, याचाही मिनलला राग आला.

आत्याचा चेहरा मात्र उतरला होता. "तुले पाहाले आले होते तवा म्याच तुले पावडर लावली होती ना वं? लिंबानं बोटं घासून देली होती. तवा तू कुठं चिडली?"

"चिडले होते, आत्या." मिनलचा आवाज एकदम खाली आला. "तिन्ही वेळा."

आत्याने तिचा हात ओढून मांडीवर घेतला. डागाळलेलं बोट अंगठ्याने चाचपलं. "मंग बोलली काहून नाही?"

वैभवने पाठ फिरवली आणि भिंतीच्या कपाटातल्या बाटल्यांवरची नावं एकेक करून वाचायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. हे मिनलने पाहिलं, आणि विसरली नाही.

मग बीकरमध्ये ॲसिटोन ओतलं गेलं. वैभवने प्लास्टिकमधली गिन्नी अलगद आत सोडली, वर काचेची बशी झाकली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"हात मागे का?"

"सवय. पुढे असले की पुसावंसं वाटते."

दोघं वाकून पाहत होते. थोड्या वेळाने तो हिरवट थर कडेने सुटायला लागला, आणि खालून राणीचा गाल उमटला... लालसर, जुना, न दुखावलेला. वैभवचं डोकं तिच्या डोक्यापासून चार बोटांवर होतं. आपली नाडी शंभराच्या पुढे असावी, असा मिनलचा अंदाज होता. मोजून पाहायची मात्र तिची हिंमत झाली नाही.

"सांबारवडी आणली आहे," तो हळूच म्हणाला. "खाता?"

"प्रयोगशाळेत खाणं चालत नाही!"

तिघांनी ती कोथिंबिरीची वडी बाहेर पायऱ्यांवर बसून खाल्ली.

उरलेल्या तीन गिन्न्या पारशिवनीच्या एका संग्राहकाने कुंकवासकट घेतल्या, आणि मोडीच्या जवळजवळ दुप्पट पैसे दिले. दोन्ही गुडघे त्यातच निघाले. घासलेली गिन्नी आत्याने कापसात गुंडाळून ठेवली. "ही माह्या चुकीची खूण आहे. राहू दे घरातच." ताराचंद शेठचा फोन आला होता: "चमकवल्या का?" मिनलने "नाही, आणि तुम्हाला दाखवणारही नाही," म्हणून तो ठेवून दिला. इतकं समाधान तिला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

ऑपरेशननंतर वैभव दर दोन दिवसांनी दवाखान्यात येई. आत्याला संत्री सोलून दे, फोडींच्या शिरा काढून दे. आत्या घरी आली तरी त्याचं येणं थांबलं नाही. मिनलशी तो नाण्यांच्या कडांवर बोले, खाप्यातल्या आपल्या घराबद्दल, तिथल्या कन्हान नदीच्या पुराबद्दल बोले. बोलायचं तेवढंच सोडून सगळं बोले.

आणि फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्याच्या आईचा आत्याला फोन आला. रविवारी मुलगी पाहाले येतो म्हणून!

मिनल कॉलेजातून तडक त्याच्या दुकानात गेली.

"तुम्ही मला बघायला येणार आहात?"

"आई म्हणते, रीत असते..."

"मग अडीच महिने समोर बसून तुम्ही काय बघत होता? संत्री?"

"तुम्हालेच."

"तर विचारलं का नाही? अनोळखी बाईवर भर सभागृहात ओरडता येतं आणि तोंडावर दोन शब्द..."

वैभवने हातातलं भिंग खाली ठेवलं. "भीती वाटली. नीट हाताळता आलं नाही, ओरखडा पडला तर... तो जन्माचा." तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. चिडलेल्या, तशाच."



"मी पावडर लावणार नाही," मिनल म्हणाली. "आणि शनिवारी क्लोराइडचं प्रॅक्टिकल आहे. बोटं काळी असतील."

"बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे... बरं."

रविवारी आत्या काठीशिवाय चालत, हळूहळू, पोह्यांचं ताट स्वतः घेऊन आली. मिनलने प्लेटी पुढे केल्या. वैभवच्या आईने, मनकर्णाबाईंनी, प्लेट घेता घेता तिचं बोट पाहिलं. एक नाही, तीन बोटं.

"हे डाग जातात ना वं?"

तोच प्रश्न! मिनलच्या कानशिलांपर्यंत आग गेली. तिने तोंड उघडलं... आणि वैभवने प्लेटीसाठी हात पुढे केला. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी पेरापर्यंत काळी होती.

"अरे बापा! तुलेही?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मुद्दाम लावलंत?" मिनल दबक्या आवाजात त्याच्यावर तडकली. "किती महाग असतं सिल्व्हर नायट्रेट, माहीत आहे?"

"एकच थेंब, मॅडम."

"सांगा ना गा कोणी, जातात का?" मनकर्णाबाईंनी पुन्हा विचारलं.

"आपोआप जातात," दोघं एकदम म्हणाले. "घासायचे नाहीत."

मनकर्णाबाईंनी एकदा त्याच्या बोटाकडे पाहिलं, एकदा तिच्या. पदर तोंडाला लावून त्या खुदकन हसल्या.

"आन् नाही गेले," मिनल वैभवकडे पाहत म्हणाली, "तरी मले चालते."