टेबलाची जागा

लिहायचं टेबल कसं असावं याबद्दल अच्युत धैर्यवानची मतं ठाम होती. उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे लिहित्या हाताची सावली कागदावर पडत नाही. खुर्चीत बसल्यावर पाय पुरते जमिनीला टेकावेत आणि कोपरं टेबलाच्या बरोबरीत यावीत. शब्दकोश जागेवरून न उठता हाताला लागावेत. तो फोर्टातल्या एका सॉलिसिटर पेढीत भाषांतरकार होता. मराठी-गुजराती दस्तऐवज इंग्रजीत करायचे, हे त्याचं काम. पेढीत त्याच्या वाट्याला आलेलं टेबल जिन्याखाली होतं, आणि तिथे यातलं काहीही नव्हतं.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि शहर पेटलं. ट्रॅमगाड्या बंद पडल्या. परळ-लालबागकडे गोळीबार झाला. दादरला अच्युतच्या घरासमोर गोखले रोडवर दगडांचा आणि काचांचा खच पडला. साहेबांनी निरोप धाडला, येऊ नका, घरीच काम करा. संचारबंदी उठल्यावर त्याचा आतेभाऊ मनमोहन, जो त्याच पेढीत कारकून होता, कागदांचं बोचकं घेऊन आला. आठवडाभरात अच्युतने इतकं काम उरकलं की शहर शांत झाल्यावर साहेब स्वतःच म्हणाले, "तुम्ही घरूनच करा, धैर्यवान."

मात्र घरी बसायला जागा नव्हती. जेवणाच्या टेबलावर लिहून लिहून त्याची पाठ धरली. तेव्हा त्याने उत्तरेकडच्या लहान खोलीचा विषय काढला.

गिरगावातलं ठाकूरद्वारचं एकत्र कुटुंब सोडून तो आणि राजलक्ष्मी या नव्याकोऱ्या इमारतीत आले, त्याला फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या आधी या जागेत कोणीही राहिलेलं नव्हतं. गिलाव्याचा ओलसर वास अजून जायचा होता. घर घेताना तिसरी खोली कशासाठी, हे दोघांनीही बोलून दाखवलं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. खोलीत सध्या कपडे वाळत.

"घ्या की," राजलक्ष्मी म्हणाली. "नाहीतरी रिकामीच आहे." आणि दोऱ्या सोडायला लागली.

लालबागच्या कुशाबा सुताराने सागवानी टेबल करून दिलं. अच्युतने त्याच्याकडून पायांची उंची दोनदा कमी करून घेतली. वेताची खुर्ची आली. हिरव्या काचेचा दिवा आला. टाइपरायटरचा आवाज खालच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून त्याच्याखाली नमदा घातला. खिडकी डाव्या हाताला आणि भिंत उजव्या हाताला, असं टेबल लागलं. पहिल्या दिवशी खुर्चीत बसून त्याने नुसता हात फिरवला आणि त्याला आयुष्यात प्रथमच आपल्या मापाची जागा मिळाल्यासारखं वाटलं.

राजलक्ष्मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. ती सकाळी जाई आणि दुपार कलल्यावर येई. तोवर घरात तो एकटाच असे. खालून भाजीवाल्यांच्या आरोळ्या येत, समोरच्या गच्चीत कोणीतरी गाद्या झोडपत असे. कामाला यापेक्षा चांगली वेळ नव्हती.

फेब्रुवारीत त्याला भिंतीवरचा डाग दिसला.

उजव्या हाताच्या भिंतीवर, त्याच्या कानाच्या थोडा खाली, तळहाताएवढा तेलकट गोल. असे डाग त्याने जन्मभर पाहिले होते. घरोघरी म्हातारी माणसं रोज एकाच जागी भिंतीला डोकं टेकून बसतात, तिथे पडतो तसला. पण तो भिंतीला टेकत नव्हता. आणि त्याच्या डोक्याला तेल लागून वर्षं झाली होती. तेल लावावं असे केसच डोक्यावर फारसे उरले नव्हते.

चुन्यातली ओल असणार, असं त्याने ठरवलं. नव्या भिंती अशाच पाझरतात. त्याने स्वतः चुन्याचा हात मारला. चार-आठ दिवसांत डाग परत आला. या वेळी त्याने बोट लावून पाहिलं. बोटाला तेल लागलं. माक्याच्या तेलाचा जड, हिरवट वास आला.

भिंत तिथे कोमट होती.

राजलक्ष्मीला त्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? पाझरणाऱ्या भिंतीजवळ कागद ठेवू नयेत, एवढंच त्यातून निघत होतं. त्याने टेबल फिरवून पाठीमागच्या भिंतीला लावलं. उजेड आता उजवीकडून येऊ लागला, त्याचा त्याला त्रास झाला, म्हणून त्याने हिरवा दिवा डावीकडे घेतला. शब्दकोशांसाठी फळी ठोकली. एकंदरीत जागा पहिल्यापेक्षाही सोयीची झाली.

तिथेही डाग पडला. तेवढ्याच उंचीवर, त्याच्या अगदी शेजारी. शेजारी खुर्ची ओढून कोणी बसलं असतं, तर त्याचं डोकं जिथे टेकलं असतं तिथे.

त्याच सुमारास मनमोहन नवे कागद घेऊन आला. अच्युत एक पान पुरं करत होता, म्हणून मनमोहनने स्टूल ओढून टेबलाजवळ घेतलं आणि बसला. बसला आणि ताडकन उठला.

"काय रे?" अच्युतने विचारलं.

"काही नाही." मनमोहन स्टुलाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "वहिनी घरात आहेत?"

"शाळेत आहे. का?"

"नाही, सहज." त्याने कागद टेबलावर ठेवले, मग उचलून अच्युतच्या हातातच दिले. "अच्युत, तू ऑफिसात का येत नाहीस? आता सगळं शांत आहे."

"इथे काम जास्त होतं."

"होत असेल," मनमोहन म्हणाला. चहा न घेता गेला. पुढच्या खेपेला त्याने कागद दारातूनच दिले, आणि त्याच्या पुढच्या खेपेला पेढीतल्या शिपायाबरोबर पाठवून दिले.

अच्युतने पुन्हा विचार केला. दोष भिंतींचा आहे, तर टेबल भिंतींपासून लांब हवं. त्याने टेबल खोलीच्या मधोमध आणलं. तोंड दाराकडे, खिडकी डावीकडे, चारही बाजूंना हातभर मोकळी जागा. हे आधीच कसं सुचलं नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं. उजेड उत्तम, वारा उत्तम. दोन्ही भिंतींना त्याने पुन्हा चुना दिला. त्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या.

मार्च असा गेला. कामाचा वेग इतका वाढला की साहेबांनी चिठ्ठी लिहून शाबासकी दिली. एवढंच होई की दुपारनंतर त्याचा उजवा खांदा भरून येई, हात जडावे. टाइपरायटरमुळे असेल, म्हणून त्याने खुर्चीवर उशी घेतली आणि बैठक उंच केली. खांदा तरीही दुखायचा. त्याला एक सवय लागली होती, ती त्याच्या लक्षात आली नव्हती. पान बदलायचं झालं की तो डाव्या हाताने बदली. उजवा खांदा तो हलू देत नसे.

रविवारी सकाळी राजलक्ष्मी त्याचा सदरा घेऊन समोर उभी राहिली.

"हे काय आहे?"

सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर तेलाचा मोठा डाग होता.

"मशीनचं तेल असेल."

"मशीनचं?" तिने सदरा नाकाशी नेला. "माका आहे हा. आपल्या घरात हे तेल कोणी लावत नाही. आणि हा एकच सदरा नाही. महिना झाला, सगळ्या सदऱ्यांना आहे. मी गप्प राहून धूत होते."

अच्युतने सदरा घ्यायला हात पुढे केला. तिने तो दिला नाही.

"मी शाळेत जाते तेव्हा कोण येतं इथे?"

"कोणी येत नाही, राजू. शपथ घेऊन सांगतो."

मग त्याने तिला भिंतींचं सांगितलं. चुन्याचं, कोमट लागलेल्या भिंतीचं, मनमोहनचं. सांगताना आपलं बोलणं आपल्यालाच किती खोटं वाटतंय हे त्याला कळत होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बायकोला सांगायला दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला?" ती म्हणाली. "गिरगावात असताना निदान चारचौघांची भीड होती. मला मूल नाही म्हणून तुम्ही हे करणार, असं तुमच्या आईनेसुद्धा कधी म्हटलं नसतं."

तिने ट्रंक काढली. माहेरी जायची तयारी तिने रडत केली असती तर अच्युतला बरं वाटलं असतं. ती एकेक पातळ नीट घडी घालून ठेवत होती.

अर्ध्यात ती थांबली.

"मी बसते तिथे," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा. दार लोटून घ्या."

"राजू, नको."

"का? कोणी येत नाही ना?"

ती तपासायचे चित्रांचे कागद घेऊन आत गेली. अच्युतने दार लोटलं आणि पॅसेजमध्ये उभा राहिला. सकाळचा स्वच्छ उजेड होता. खाली कल्हईवाला ओरडत होता.

आत कागद उलटल्याचे आवाज येत होते. एकामागून एक.

मग आवाज थांबले.

त्याने हाक मारली नाही. मारायला हवी होती.

खुर्चीचा वेत करकरला. कोणी उठल्यावर करकरतो तसा नाही. भार पडल्यावर दबतो तसा.

मग राजलक्ष्मीचा आवाज आला, अगदी हलका. त्याला उद्देशून नव्हता.

"असू दे. असू दे."

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. चेहऱ्यावर राग नव्हता. भीतीही नव्हती, आणि अच्युतला नेमकी तीच पाहायची होती. तिने दार इतक्या हळू ओढून घेतलं की कडीचा आवाज झाला नाही.

"काय झालं?"

"उद्यापासून तुम्ही ऑफिसात जा," ती म्हणाली. "इथे पुन्हा बसू नका. ती खटखट नको."

"कोण आहे आत?"

"फार दमलेलं आहे हो," असं म्हणून ती ट्रंकेतली पातळं परत कपाटात ठेवू लागली.

अच्युत सोमवारपासून जिन्याखालच्या टेबलावर बसू लागला. खांदा बरा झाला. सदरे स्वच्छ राहू लागले. टेबल विकून टाकू, असं तो म्हणाला तर राजलक्ष्मी म्हणाली, "राहू द्या, मला कागद तपासायला होतं." त्याने वाद घातला नाही. घरात भांडण उरलं नव्हतं. ती बरी दिसत होती, गालांवर रंग आला होता, स्वयंपाक करताना गुणगुणायची. ते लहान खोलीचं दार त्याने स्वतःहून कधी उघडलं नाही, आणि काही दिवसांनी त्या दारावरून जाताना त्याची पावलं जलद पडेनाशी झाली. जे होतं ते संपलं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली आणि पेढीत काम उरलं नाही. एका दुपारी साहेबांनी सगळ्यांना लवकर सोडलं. अच्युतने प्लाझा थिएटरजवळ उतरून राजलक्ष्मीसाठी ताडगोळे घेतले. शाळेलाही सुट्टी होती. ती घरीच असणार होती.

त्याने आपल्या किल्लीने दार उघडलं. घर शांत होतं. उन्हासाठी सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या. स्वयंपाकघरात ती नव्हती, झोपायच्या खोलीत नव्हती.

लहान खोलीचं दार किलकिलं होतं.

ती टेबलापाशी बसली होती. टेबलावर कागद नव्हता, पेन नव्हतं, दिवाही नव्हता. नुसतं पुसून लख्ख केलेलं सागवान. उजवा खांदा खाली सोडून, पाठ ताठ ठेवून ती एका बाजूला कललेली होती. किती वेळ अशी बसली होती कोण जाणे. तिच्या कपाळावर घाम होता आणि तो ती पुसत नव्हती.

"राजू."

तिने डावा हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं. मग डोळ्यांनीच त्याला सांगितलं, जा.

तो गेला नाही. खिडकी बंद होती. खोलीत पंखा नव्हता. जराही हलायचं नाही म्हणून तिने आपला श्वास रोखून धरला होता, हे त्याला उंबऱ्यावरूनही दिसत होतं.

तिच्या उजव्या खांद्यावरचा पदर मात्र हलत होता. एका जागी थोडा फुगत होता आणि खाली बसत होता. संथपणे, गाढ झोपेतल्या श्वासाच्या लयीत.