उपाशी टाकी

प्रयोगशाळेत तिला सगळे कडकबाई म्हणायचे. तोंडाला मास्क नसेल तर ती थेट संचालकांनाही दारातून परत धाडायची. अशा बाईच्या हातून ती चूक व्हावी, म्हणजे कमालच!

चूक एवढीशीच. शाळेला सुट्टी म्हणून तिने आपल्या सहा वर्षांच्या मुलीला सोबत आणलं होतं. पेंढ्याच्या रसापासून इंधन बनवणारं यीस्ट बशीतून उचलायचं, तर आधी तारेची कडी ज्योतीवर लाल करून आपोआप गार होऊ द्यावी लागते. कडकबाई क्षणभर फोनकडे वळली, आणि पोरीने गरम दुधावर घालतात तशी कडीवर फुंकर घातली. तोंडातलं काही तिला चिकटलं असणार, म्हणून ती कडी पुन्हा तापवायला हवी होती. पण यीस्ट रसात वाढवायची मोठी टाकी त्याच दिवशी सुरू करायची घाई होती. तिने तशीच वापरली, आणि कुणाला काही बोलली नाही.

तेच यीस्ट सगळ्यांत भारी निघालं. चौथ्या आठवड्यात रस सोडणारा पंप बंद पडला. दीड दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही, तरी इंधन येतच होतं.

"बाई, हे तर उपाशीपोटी राबतंय की हो!" ऑपरेटर हसला.

तिला मात्र हसू फुटेना. शून्यातून काही येत नसतं. मग हे खातंय तरी काय? तिने नळ्या तपासल्या, मीटर बदलले. काही म्हणता काही सापडेना.

घरी पोरगी ताट चाटूनपुसून जेवायची, आणि तरी गळ्याची हाडं दिसायला लागली होती. डॉक्टरांच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या. "अगं, हिला खाल्लेलं अंगीच लागत नाही," सासूबाई म्हणाल्या. झोपताना पोरीच्या तोंडाला आंबूस वास यायचा.

"आई, माझ्या पोटात बुडबुडे येतात."

सोमवारी सकाळी तिने पोरीच्या वजनाचे आकडे टाकीच्या आलेखाशेजारी ठेवले. जेवढं तिकडे घटलं होतं, तेवढंच इकडे निघालं होतं.

"टाकीत वाफ सोडा," ती ऑपरेटरला म्हणाली. "सगळं मारून टाका."

"अहो बाई, एवढं चांगलं चाललेलं..."

"सोडा म्हणते ना!"

पडद्यावरचा आकडा चढू लागला. सदतीस अंश. अडतीस.

फोन वाजला. नवरा होता. "अगं, हिला एकदम ताप भरलाय. एकोणचाळीस!"

तिने पडद्याकडे पाहिलं. एकोणचाळीस.

"चाळीस झाला गं! काय करू?"

"वाफ बंद करा!" ती किंचाळली. "गार पाणी सोडा, आधी गार पाणी!"

आकडा हळूहळू उतरला. आपण काय करतोय हे न कळता तिने कपाटातून साखरेच्या पाकाची बाटली काढली आणि टाकीत रिकामी केली. मग दुसरी. मग तिसरी.

थोड्या वेळाने पुन्हा नवऱ्याचा फोन आला. आवाज आता मोकळा होता.

"उतरला गं ताप एकदाचा. उठून बसलीये. खायला देतोय, तर नको म्हणते."

"का?"

"पोट भरलं म्हणे. आणि आईला सांग म्हणते, एवढं गोड नको."