सबनीस आहेत का?

दुपारी बेल वाजली तेव्हा गंधाली सबनीसांचा गुडघा काढत होती.

गुडघा जमत नव्हता. अठ्ठावन्न वर्षांचा, पँटीच्या आतून सुजलेला, जिना चढताना ठणकणारा गुडघा, आणि तोही सुपरहिरोचा. त्यात इमारतीची दुरुस्ती निघालेली. बाहेर परांचीच्या बांबूंवर बसून दोन माणसं सकाळपासून जुनं प्लास्टर फोडत होती. खिडक्यांवरून हिरवी जाळी सोडलेली होती, आणि तिच्यातून येणाऱ्या शेवाळी उजेडात स्क्रीनवरचा प्रत्येक रंग आजारी दिसत होता. मुलुंड पूर्वेच्या त्या चौथ्या मजल्यावर गेला महिनाभर धड विचार करता येत नव्हता. बेल पुन्हा वाजली. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. गंधालीने पेन टेबलावर टाकलं आणि चरफडत उठली.

दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी.

"सबनीस आसत काय घरात?"

"कोण सबनीस?"

"ते नाय, पडणाऱ्यांका धरतत?" बाईने हवेत काहीतरी झेलल्यासारखा हात पुढे केला आणि लगेच पदराआड घेतला. "मी सुगंधा. चेंबूरसून इलंय. तेंका एक विचारूचा होता."

"इथे कोणी सबनीस राहत नाही," गंधाली म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मग तिथेच उभं राहून तिने केयूरला फोन लावला.

'झेल' या कॉमिकची पानं जगात दोनच माणसांनी पाहिली होती. चित्रं गंधालीची, कथा केयूरची. केयूर घाटकोपरला राहायचा, कॉलेजपासूनचा मित्र, हुशार आणि डोकं खाणारा. मोठ्यांसाठी मराठीत सुपरहिरोचं कॉमिक करायचं, हे खूळ त्याचंच. केप नाही, मुखवटा नाही, शहर गिळायला निघालेला खलनायक नाही. सबनीस हा शाळेच्या प्रयोगशाळेतला सहायक. कोणी उंचावरून पडलं की त्याचा हात तिथे पोचतो, एवढीच त्याची शक्ती. "वाचवलेला माणूस पुढच्या चौकटीत गायब होतो," केयूर नेहमी म्हणायचा. "दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं काय होतं, हे कुठला सुपरहिरो विचारतो? आपण ते विचारायचं." शेवटच्या प्रकरणात एक माणूस गच्चीवरून पडतो. सबनीस बघतो आणि या वेळी हात पुढे करत नाही. तिथे कॉमिक संपतं.

"पानं कुणाला दाखवलीस?" गंधालीने विचारलं.

"कुणालाच नाही. का गं?"

"मग चेंबूरची बाई माझ्या दारात सबनीसांना शोधत कशी येते? मार्केटिंग करायचंय तर स्वतःच्या घरचा पत्ता दे ना!"

"यार गंधाली, प्रकाशक मिळायचाय अजून. मार्केटिंग कसलं करतोय मी? आणि सबनीसांचं दार म्हणून तुझंच दार काढलंयस तू. चपलांच्या रॅकसकट."

"ते तुझ्या-माझ्याशिवाय कोणी पाहिलंय का?"

केयूरने विषय बदलला. मग म्हणाला, "शेवटची पानं कधी देतेस?"

तिने फोन कापला.

दोन-तीन दिवसांनी ती भाजी घेऊन आली तेव्हा सोफ्यावर एक तरुण बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी. समोर चहा, आणि त्याच्यासमोर बाबा, खुशीत. आई गेल्यापासून घरी कोणी आलं की बाबांच्या चेहऱ्यावर असा उजेड यायचा, मग आलेला माणूस वॉटर फिल्टर विकणारा का असेना.

"हे निलेश. पवईहून आलेत," बाबा म्हणाले. "सबनीसांकडे."

"बाबा, सबनीस नावाचा माणूस नाहीये! मी काढलाय तो. चित्र आहे!"

"ते सांगितलं मी त्यांना. म्हणाले, थांबतो थोडा वेळ."

निलेश अवघडून उठला. "सॉरी मॅडम. त्रास द्यायचा नव्हता. कुठे विचारायचं तेच कळत नव्हतं."

"तुम्हाला इथे पाठवलं कुणी?"

"कुणी नाही. दार ओळखीचं वाटलं." त्याने शर्टाची बाही वर केली. "त्यांनी धरलं होतं ना, इथे."

मनगटाभोवती हाताचा लालसर वळ होता. चार बोटं, अंगठा, आणि तळव्याच्या जागी बारीक, आडव्या-उभ्या विणीचा ठसा. घट्ट बांधलेलं क्रेप बँडेज सोडल्यावर कातडीवर उमटतो तसा.

गंधालीच्या हातातली पिशवी जड झाली. प्रत्येक झेलाने सबनीसांचं मनगट दुखावत असणार, तेव्हा त्यांच्या तळव्याला क्रेप बँडेज हवं, हे तिला काल संध्याकाळी सुचलं होतं. काल रात्रीच तिने ते एका पानावर काढलं होतं. केयूरला ते पान अजून पाठवलंही नव्हतं.

"हे कधी झालं?" तिने विचारलं.

"मागच्या वर्षी. ऑफिसच्या गच्चीवरून." निलेशने बाही खाली घेतली. चहाला त्याने हातही लावला नव्हता. "ते आले की सांगाल ना, मी येऊन गेलो म्हणून?"

तो गेल्यावर गंधाली बाबांवर ओरडली. अनोळखी माणसाला घरात घेतल्याबद्दल, सेफ्टी डोअर उघडं ठेवल्याबद्दल, चांगल्या कपात चहा दिल्याबद्दल. घाबरायला हवं होतं हे तिला कळत होतं, पण घाबरण्यासाठी थोडी शांतता लागते, आणि भिंतीवर तर छिन्नी चालू होती.

माणसं येतच राहिली. कुणी सकाळी, कुणी ऑफिस सुटल्यावर. भांडत नसत, काही मागत नसत. आत घेतलं नाही तर जिन्यात उभी राहत. गंधाली दुपारी बाहेर गेली की बाबा त्यांना आत बोलवत. ती परत येई तेव्हा दाराबाहेर चपला दिसत आणि आत तीन-चार जण गप्प बसलेले असत, दवाखान्यात बसतात तसे. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा तिला लिफ्टपाशी अडवून म्हणाले, "घरात क्लास वगैरे सुरू केला असेल तर कमिटीची परवानगी लागते हं. नियम सगळ्यांना सारखा."

"सुपरहिरोचा क्लास आहे," ती म्हणाली. "तुम्ही येता का?"

ते हसले नाहीत.

तिला रडू येईल इतका वैताग आला होता. त्यात शेवटचं प्रकरण. गच्चीवरून पडणाऱ्या माणसासाठी तिला कोणाचा तरी फोटो हवा होता, म्हणून तिने बाबांनाच कठड्याशी वाकून उभं राहायला लावलं होतं. बाबांनी हौसेने चार वेळा वाकून दाखवलं होतं. आता चौकटीत तो माणूस हवेत होता. पाठीला बाबांचाच बाक, मानेवर त्यांच्याच सुरकुत्या. खाली कोपऱ्यात सबनीस, हात खिशात. ती शाईच्या रेषा ओढायला बसे आणि उठे.

त्या दिवशी सुगंधा पुन्हा आली. गंधालीनेच दार उघडलं आणि का कोण जाणे, तिला आत घेतलं. सुगंधा खुर्चीच्या कडेवर टेकली. बाबा पाणी घेऊन आले.

"काय विचारायचंय ते एकदाचं मला सांगा," गंधाली म्हणाली. "आणि मग कृपा करून येऊ नका."

"विचारूचा काय, सांगूचाच आसा." सुगंधाने मनगट पदरात गुंडाळून घेतलं. "भेटले तर सांग गो बाय तेंका. आता हात सोडा म्हणान."

"कसला हात?"

"धरल्यानी तो. अजून सोडूक नाय." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, गॅस सिलेंडर आला नाही हे सांगावं तसं. "घरात जेवतंय, रांधतंय, सगळा करतंय. पण खाली काय टेकाक मिळणा नाय."

बाबा ग्लास धरून तसेच उभे राहिले. सुगंधा निघून गेल्यावर म्हणाले, "थकली असेल बिचारी."

"आणि मी? मी नाही थकले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केयूरला फोन करून सांगितलं की शेवट ती बदलतेय.

"म्हणजे?"

"सबनीस हात पुढे करतो. माणूस वाचतो."

"वाट लागली! अगं, तो हात खिशात राहतो म्हणून तर हे कॉमिक आहे. हात पुढे केला की आपलं इतर शंभरांसारखंच झालं ना?"

"होऊ दे झालं."

"कारण तरी सांग."

"पडणारा माणूस तुझा बाप नाहीये, हे कारण."

"चित्र आहे ते, गंधाली!"

हे वाक्य तिनेच या घरात इतक्या वेळा उच्चारलं होतं की आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना. फोन उलटा ठेवून ती कामाला बसली. खिशातला हात खोडला. नवा हात काढला, चौकटीची रेघ ओलांडून वर गेलेला, तळव्याला बँडेज. बोटं त्या म्हाताऱ्या मनगटाभोवती घट्ट मिटलेली. पहिल्याच फटक्यात जमला. कित्येक आठवड्यांत इतकी चांगली रेषा तिच्या हातून उतरली नव्हती. तिने फाइल सेव्ह केली आणि खुर्चीत मागे रेलली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की छिन्नीचा आवाज थांबलाय. कामगार जेवायला उतरले असावेत.

"बाबा, जेवायचं का?"

आतून उत्तर आलं नाही. बाबांची खोली रिकामी होती. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं.

वर गच्चीवर कठड्याचा एक तुकडा फोडून ठेवलाय, तिकडे कोणी जाऊ नका, अशी पाटी लिफ्टजवळ लावलेली तिने वाचली होती. बाबांनीही वाचली होती. म्हणूनच ते बघायला गेले असणार.

ती दाराकडे वळली. खिडकीतला उजेड एकदम कमी झाला.

हिरव्या जाळीवर एक सावली वरून खाली आली.

आणि थांबली.

खिडकीच्या बरोबर मध्यावर, हात डोक्यावर ताणलेली, पाय लोंबकळणारे. जाळी हलत नव्हती. बांबू करकरत नव्हते. सावलीच्या एका पायात चप्पल होती.



मग सावली खाली सरकू लागली. पडली नाही, सरकली. लिफ्ट उतरते तशी, सावकाश.

ती चार मजले कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. खाली स्कूटरींच्या रांगेशी बाबा उभे होते. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर खजील हसू. वॉचमन मोठमोठ्याने सगळ्यांना सांगत होता, "जाळीने वाचवलं काकांना! जाळीत अडकले म्हणून वाचले!" माना वर करून सगळे जाळीकडे बघत होते. ती गच्चीपासून जमिनीपर्यंत सरळ लोंबत होती. कुठे फाटलेली नव्हती, साधी चुरगळलेलीही नव्हती.

"मी फक्त वाकून बघत होतो," बाबा म्हणाले. ते डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होते.

गंधालीने तिकडे पाहिलं नाही. तिने त्यांची बाही खाली ओढली आणि बटण लावून टाकलं.

"किती वेळा सांगितलं होतं, गच्चीवर जाऊ नका म्हणून! किती वेळा?" ती ओरडत होती.

बातमी कळताच केयूर आला. तिघं रिक्षाने स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेले. रिक्षात बाबांनी पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता, आणि उतरल्यावर गंधालीचा दंड. इतका घट्ट की तिला दुखलं. धक्का बसलाय, तिने मनाशी म्हटलं. बसणारच.

डॉक्टर यायचे होते. माधुरी नावाच्या नर्सने रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली. "सगळं छान आहे काका. नशीबवान आहात. चला, वजन बघू."

जुना, काट्याचा वजनकाटा होता. बाबा एका हाताने टेबलाची कड धरून त्यावर चढले.

काटा हलला नाही.

"परत अडकला वाटतं," माधुरीने त्याला पायाने एक ठोकर दिली. बाबांना उतरवून ती स्वतः उभी राहिली. काटा सर्रकन फिरून साठाच्या पुढे गेला. "चालतोय की. या काका, परत या."

बाबा पुन्हा चढले. काटा शून्यावर.

"बाबा, नीट उभे राहा ना," गंधाली वैतागून म्हणाली. "दोन्ही पाय ठेवा."

"ठेवलेत गं."

केयूर काट्याकडे बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याने गंधालीच्या खांद्याला हात लावला.

"काका, टेबल धरलंय तुम्ही, मग वजन कसं येणार?" माधुरी हसली. "सोडा ते."

बाबांची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, लहान मूल परवानगी विचारतं तसं.

"सोडू?"

वर छताचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता.